पाणी विचारून ठरवलेली तारीख: नांदूर मध्यमेश्वरला गट घेऊन जाताना

नाशिकच्या इंदिरानगरात सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींनी दिवाळीनंतर एकदा सर्वांनी मिळून पक्षी पाहायला जायचे ठरवले आणि त्याची आखणी माझ्याकडे आली. सात वर्षांच्या मुलीपासून पंचाहत्तरीच्या आजोबांपर्यंत अठरा माणसे येणार होती आणि त्यांपैकी दुर्बीण पूर्वी हाताळलेली चार-पाचच होती. नांदूर मध्यमेश्वरला घरच्यांबरोबर जाणे अवघड नाही; गाडी काढली की तास-सव्वा तासात पोहोचता येते. मात्र इतक्या जणांना ऐन थंडीत पहाटे घराबाहेर काढायचे, प्रत्येकाला काही ना काही नीट दिसेल असे पाहायचे आणि आपल्या गर्दीचा पक्ष्यांना उपद्रवही होऊ द्यायचा नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र सांभाळण्याचे मला दडपण आले होते. असा गट नेण्याचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सारे क्रमाने लिहीत आहे.

ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ इंग्रज अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दगडी बंधारा बांधला गेला. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साठत गेला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली आणि पाणवनस्पती माजल्या. सिंचनाच्या हिशेबाने गाळ म्हणजे तोटा. पण त्याच गाळामुळे बदकांना, करकोच्यांना आणि चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना इथे मुबलक अन्न मिळू लागले. 1986 साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले होते, हे नाशिककर अभिमानाने सांगतात. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेले हे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र आहे आणि ती घोषणा जानेवारी 2020 मध्ये झाली. हे सारे खरे असले, तरी हा बंधारा आजही सिंचनाच्या कामाचा बंधारा आहे. गंगापूर आणि दारणा या धरणांतून सोडलेले पाणी इथे येते आणि इथूनच गोदावरीचे डावे व उजवे कालवे निघतात. आमच्या सहलीची तारीख शेवटी याच गोष्टीने ठरवली.

नोव्हेंबरच्या अखेरीस मी परवानगीची चौकशी सुरू केली. अभयारण्यालगतच्या चापडगावच्या बाजूने पक्षी पाहायला येणाऱ्या सामान्य पर्यटकाला जागेवरच शुल्क भरून पावती मिळते. पण माणसे अठरा, त्यांत ज्येष्ठ आणि मुले, शिवाय दोन मार्गदर्शक हवेत. त्यामुळे वनकार्यालयाला आधी लेखी कळवणे बरे, असा सल्ला मला अनुभवी लोकांनी दिला आणि तो योग्य होता. अर्ज एका पानाचा केला. त्यात भेटीचा दिवस आणि वेळ, गटातील माणसांची संख्या, गाडीचा प्रकार, जबाबदार व्यक्तीचे नाव व मोबाइल आणि दोन मार्गदर्शक मिळावेत ही विनंती, एवढेच लिहिले. सोबत सर्वांची नावे, वये आणि ओळखपत्राचा प्रकार यांची यादी जोडली. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक व शिक्का मारून पोच घ्यावी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अधिकारी फिरतीवर होते. टपाल घेणारे कर्मचारी मात्र जागेवर होते. त्यांनी अर्ज घेतला, यादीत वाहनाचा क्रमांक राहिला होता तो गाडी ठरल्यावर कळवायला सांगितले आणि पोच दिली. दोन दिवसांनी फोनवर होकार आला. ती पोच मी सहलीच्या दिवशी खिशात ठेवली होती आणि प्रवेशाच्या वेळी ती दाखवताच नावे पुन्हा लिहिण्याचा वेळ वाचला.

आम्ही मुळात 22 डिसेंबरचा रविवार धरला होता. सतरा आसनी गाडी ठरवली, एक हजार रुपये आगाऊ दिले आणि सात वर्षांची ती मुलगी आईच्या मांडीवर बसेल असे गृहीत धरले. पण चालकाने प्रत्येकाला स्वतंत्र आसन हवेच असे स्पष्ट सांगितले, म्हणून तिचे कुटुंब आपल्या गाडीने मागून येईल असे ठरले. हे सगळे जुळल्यावर, निघण्याच्या चार दिवस आधी, मी चापडगावच्या मार्गदर्शकांना फोन केला. गावातलेच तरुण आणि मध्यमवयीन गृहस्थ हे काम करतात. त्यांपैकी ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले, “या, पण सध्या आवर्तन चालू आहे. पाणी फुगलंय. बेटं बुडालीत. पक्षी आहेत, पण लांब पांगलेत. चिखलातले तर शोधावे लागतील.”

आवर्तन म्हणजे कालव्याला ठरलेल्या पाळीने पाणी सोडणे. वरच्या धरणांतले पाणी बंधाऱ्यात येत असते तेव्हा पातळी चढते. मग शेकाट्या, तुतारी अशा पक्ष्यांना उभे राहायला चिखलच उरत नाही, आणि बुडी न मारता वरच्यावर चरणारी बदके उथळ पाणी शोधत काठाकाठाच्या शेतांकडे आणि ओहोळांकडे सरकतात. पातळी उतरली की ओला गाळ उघडा पडतो आणि सारी गर्दी त्या कडांवर जमते. भाऊंनी विचारले, “दोन-तीन आठवडे थांबता येईल का?” अनुभव नसलेल्या माणसांना पहिल्याच वेळी रिकामे पाणी दाखवण्यापेक्षा थांबणे चांगले, असे माझे मत झाले. ते मंडळींना पटवणे सोपे नव्हते. काहींनी सुट्ट्या टाकल्या होत्या, एका काकूंकडे पाहुणे येणार होते आणि नवी तारीख संक्रांतीच्या तोंडावर येत होती. मी भाऊंचे म्हणणे जसेच्या तसे सर्वांना कळवले आणि कारण समजल्यावर विरोध मावळला. गाडीवाल्याने आगाऊ रक्कम नव्या तारखेला वळती केली. वनकार्यालयाला बदललेल्या तारखेचे पत्र दिले, त्यावर जुन्या अर्जाचा आवक क्रमांक लिहिला आणि पुन्हा पोच घेतली. नवी तारीख ठरली 12 जानेवारी.

मिळालेल्या त्या तीन आठवड्यांचा फार उपयोग झाला. एका संध्याकाळी सर्वांना एकत्र बोलावून आम्ही दुर्बीण हाताळण्याचा सराव केला. बहुतेकांना दुर्बिणीतून दोन वेगळी वर्तुळे दिसतात आणि ती तशीच दिसायची असतात असे वाटते. आधी दोन्ही नळ्यांमधले अंतर आपल्या डोळ्यांच्या अंतराएवढे करावे, म्हणजे एकच वर्तुळ दिसते. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करावे आणि नंतर डावा डोळा मिटून उजव्या भिंगाजवळचे कडे फिरवावे. चष्मा वापरणाऱ्यांनी भिंगांभोवतीचे रबरी काठ दुमडून किंवा खाली फिरवून घ्यावेत. आजोबांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे. हे कडे फिरवल्यावर समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवरील अक्षरे त्यांना वाचता आली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मलाच धीर आला. दुर्बिणी एकूण सात जमल्या. 8 पट मोठे दाखवणारी आणि 40 किंवा 42 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण नवख्यांना बरी पडते. त्याहून अधिक पटीची हातात हलते आणि चित्र थरथरते.

कपड्यांबद्दल मी आग्रहाने सांगितले होते: खाकी, करडे, मळकट हिरवे असे रंग घालावेत, पांढरे, लाल, भडक पिवळे टाळावे. अत्तर लावू नये, बांगड्या शक्यतो काढून ठेवाव्यात, फोन मुका करावा. निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा एक आकडी होतो आणि उघड्या पाण्याकाठी गार वारा अधिकच झोंबतो. कानटोपी, हातमोजे आणि एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे हवेतच, कारण दहा वाजता हेच ऊन नकोसे होते.

बारा तारखेला पहाटे सव्वापाचला गाडी इंदिरानगरातून निघाली आणि नाशिकमधल्याच द्वारका चौकात थांबून उरलेल्यांना घेतले. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने चांदोरीपर्यंत जाऊन उजवीकडे सायखेड्याला वळायचे आणि पुढे चापडगाव गाठायचे, असा सुमारे 40 किलोमीटरचा रस्ता आहे. कारखान्यांचा हंगाम असल्यामुळे उसाचे ट्रॅक्टर समोरून येत होते. त्यांच्या मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, म्हणून अंधारात हा रस्ता घाईने कापू नये. चालकाला वेळ हातात ठेवूनच बोलवावे. सायखेड्याच्या पुढे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटलेल्या दिसल्या. पारा फार उतरला की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी रात्रभर धूर करून बाग उबदार ठेवतात. आमच्यासाठी सहलीचा असलेला गारठा इथे कोणाच्या तरी वर्षभराच्या कष्टांवर बेतलेला असतो, हे गाडीतल्या मुलांना एका काकांनी सांगितले आणि बराच वेळ सगळे खिडकीबाहेर पाहत राहिले.

साडेसहाला पोहोचलो. स्वच्छतागृहाची सोय प्रवेशाजवळच आहे. आत गेल्यावर मध्येच परत येणे ज्येष्ठांना त्रासाचे होते, म्हणून सर्वांनी तिथे आधी जाऊन यावे. प्रवेश, कॅमेरा, मार्गदर्शक आणि वाहन यांच्या पावत्या वेगवेगळ्या होतात. दर बदलत असतात, तेव्हा फोनवरच विचारून सुटे पैसे न्यावेत. ज्यांच्याकडे दुर्बीण नाही त्यांना तिथे भाड्यानेही मिळू शकते. मार्गदर्शकांकडे तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण असते आणि आमच्या मते त्यांचे शुल्क त्या दुर्बिणीसाठी आणि त्यांच्या नजरेसाठी देण्यासारखेच आहे.

भाऊंनी गटाचे नऊ-नऊचे दोन भाग केले. एक भाग पक्षी पाहण्याच्या मनोऱ्यावर आणि दुसरा काठावरच्या पायवाटेने, मग अदलाबदल. मनोरा निवडतानाही त्यांनी सूर्य पाठीशी राहील असाच निवडला. समोरून ऊन आले तर सगळे पक्षी काळे दिसतात आणि नवख्यांचा हिरमोड होतो. आम्ही वर चढलो तेव्हा मात्र सूर्याचा प्रश्नच नव्हता, कारण पाण्यावर धुके इतके दाट होते की वीस पावलांपलीकडे काही दिसत नव्हते. फक्त आवाज ऐकू येत होते: वारकरी पक्ष्यांची खरखरीत साद, टिटवीची ओरड, आणि दूरवरून चक्रवाकांचा भरदार स्वर. ही पाऊण तासाची प्रतीक्षा काहींना जड गेली. हात गारठले होते, मुले कुजबुजत होती. भाऊ म्हणाले, “आत्ता ऐकून घ्या, मग कुठं बघायचं ते कळतं.” त्यांनी प्रत्येक आवाजाची दिशा हाताने दाखवली आणि त्यामुळे धुके विरळल्यावर दुर्बिणी आपोआप योग्य जागी वळल्या.

पावणेआठच्या सुमारास समोरचे पाणी उघडे झाले. पातळी उतरलेली होती, बेटांच्या कडा ओल्या काळ्या गाळाच्या होत्या आणि त्या कडांवर शेकाट्यांची रांग लाल पायांवर उभी होती. त्यांच्या मागे उथळ पाण्यात थापट्या बदकांचा थवा गोल गोल फिरत होता. रुंद चपटी चोच पाण्यात बुडवून, एकमेकांच्या मागे राहून ती पाणी ढवळतात आणि वर आलेले बारीक जीव गाळून खातात. तलवार बदके आणि हळदीकुंकू बदके त्यांच्याच शेजारी होती. सायबेरिया आणि मध्य आशियातून येणारी बदके आणि बारा महिने इथेच राहणारी बदके एकाच पाण्यात पाहायला मिळतात, हे भाऊंनी तलवार आणि हळदीकुंकू अशी जोडी दाखवून समजावले. चक्रवाकांची एक जोडी बेटाच्या टोकाला होती. ते लडाख आणि तिबेटच्या उंच पठारांवर वीण करतात हे ऐकून आजोबांनी मोठ्या दुर्बिणीवरचा डोळा बराच वेळ काढला नाही आणि मागे थांबलेल्यांनीही घाई केली नाही.

मला सर्वांत अधिक काळ आठवत राहील ती मनोऱ्याखालच्या पाणवेतात दिसलेली जांभळी पाणकोंबडी. ती आमच्यापासून फार तर पंधरा मीटरवर होती. निळ्या-जांभळ्या अंगावर दव होते, कपाळावरचा पट्टा आणि चोच लालभडक. तिने एक कोवळा दांडा चोचीने मुळाशी तोडला, मग लांब बोटांच्या पायाने तो पकडून तोंडाशी नेला आणि उसाचे कांडे सोलावे तसा बाहेरचा पापुद्रा काढून आतला पांढरा गर तुकड्यातुकड्याने खाल्ला. दांडा संपला की पुढचा. दुर्बीण लागत नव्हती. नऊ माणसे कठड्याला टेकून एकाच पक्ष्याकडे पाहत होती आणि सात वर्षांची मुलगी प्रत्येक दांडा मनात मोजत होती. मला मनापासून वाटते की गटाने कमी जाती पाहाव्यात पण अशा पाहाव्यात. यादी लांबवण्यासाठी सर्वांना एका जागेवरून दुसऱ्या जागी पळवत नेले, तर घरी परतल्यावर नावांखेरीज काही उरत नाही.

साडेआठला दलदली भोवत्या आला. पंख किंचित वर धरून तो वेतांच्या माथ्यावरून सावकाश तरंगत गेला आणि त्याच्या खालचे वारकरी एकदम जवळजवळ येऊन दाट गोळा झाले, पंखांनी पाणी उडवू लागले. शिकारी पक्ष्याला एकेकटा पक्षी हेरणे सोपे जाते, म्हणून ते असे एकवटतात. तो पुढे गेल्यावर थवा पुन्हा सैल झाला. हे सारे मिनिटभरात घडले आणि ज्यांची पाळी तेव्हा पायवाटेवर होती, त्यांना त्यांच्या बाजूने तेच दिसले, फक्त पाण्याच्या उंचीवरून.

पायवाटेवरचे पाहणे वेगळे असते. तिथे कमळपक्षी, ढोकरी, कवड्या खंड्या, धोबी आणि झुडपाच्या बुडाशी निळ्या गळ्याचा शंकर अगदी जवळ दिसला. चमचे आणि चित्रबलाक थोडे पलीकडे होते; चमच्याची चोच पाण्यात डावी-उजवी फिरत राहते, ती पाहायला दुर्बीण पुरेशी होती. एका तरुण सभासदाने फोनवरून पक्ष्याचा आवाज वाजवायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा भाऊंनी शांतपणे नकार दिला. असा आवाज ऐकला की पक्षी खाणे सोडून प्रतिस्पर्धी शोधत फिरतो, आणि थंडीच्या सकाळी त्याला तो वेळ परवडत नाही. हे कारण ऐकल्यावर पुन्हा कोणी तसे सुचवले नाही. ज्यांना पुस्तकांतल्या छायाचित्रांमुळे रोहित पक्ष्यांची अपेक्षा होती, त्यांना मी नाशिकमध्येच सांगितले होते की ते इथे दिसतीलच असे धरून येऊ नये. ते दिसले नाहीत आणि कोणी खट्टूही झाले नाही.

दहा वाजता ऊन तापले, पक्षी विसावले आणि आम्ही बाहेर आलो. आत खाऊ नये हे ठरलेले होते, म्हणून घरून आणलेली बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि संक्रांत जवळ आल्याने केलेले तिळाचे लाडू प्रवेशाजवळ बसून खाल्ले. गाडीचे भाडे, सर्व पावत्या, मार्गदर्शक आणि वाटेतला चहा मिळून माणशी 450 रुपये आले. मुलांचे निम्मे धरले. हिशेब त्याच संध्याकाळी सर्वांना कळवला, कारण असे हिशेब रेंगाळले की पुढच्या वेळी माणसे बिचकतात.

परतीच्या वाटेवर सर्वांनी मिळून यादी केली: दोन्ही गटांनी पाहिलेले आणि भाऊंनी खात्री करून दिलेलेच पक्षी त्यात घेतले, शंका असलेली नावे सोडली. ती यादी तारीख, वेळ आणि पाण्याच्या पातळीच्या नोंदीसह मी पक्षी नोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर भरली आणि एक प्रत वनकार्यालयात आभाराच्या पत्राबरोबर दिली. गट नेऊ इच्छिणाऱ्यांना माझी एक विनंती आहे: सुटीचा रविवार पाहून गाडी ठरवण्याआधी चापडगावला फोन करावा आणि आवर्तन कधी संपते ते विचारावे. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाहुणे बदके बऱ्यापैकी असतात, त्यामुळे दोन-तीन आठवडे पुढे सरकायला बहुधा वाव मिळतो. भाऊंचे म्हणणे असे की शनिवारी सकाळी गर्दी रविवारच्या निम्मीही नसते. ज्यांना शनिवार जमेल त्यांनी तोच धरावा.